मधु आणि इंधन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली होती. दहावीपर्यंत गावच्या शाळेत मराठी माध्यमातून शिकलेली मुलगी. गुण चांगले मिळाले म्हणून तालुक्याच्या ठिकाणी अकरावी शास्त्र शाखेला गेली. येताना फराळाचा डबा आणि रसायनशास्त्राचे इंग्रजी पुस्तक अशा दोनच जड वस्तू तिने आणल्या होत्या. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठलो, तर ती स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसलेली. पुढ्यात वही आणि वहीत एकाच शब्दाच्या वीसेक ओळी. शिक्षा म्हणून मुलांना शुद्धलेखन लिहायला लावतात, तशा. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "मामा, हे शब्द पाठच होत नाहीत. कशालाच काही अर्थ नाही."

धडा सेंद्रिय रसायनशास्त्राच्या परिचयाचा आणि कार्बनी संयुगांच्या नामकरणाचा होता. मी तो ओळखला. १९८९ साली याच धड्यापाशी मी शास्त्र शाखा सोडली होती.

मीही मराठी माध्यमातलाच. अकरावीच्या वर्गात मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन ही नावे फळ्यावर आली तेव्हा मी उभा राहून विचारले होते, "सर, मिथ म्हणजे काय?" सर म्हणाले, "हा रसायनशास्त्राचा तास आहे, व्याकरणाचा नव्हे." वर्ग हसला. पुढच्या वर्षी मी कला शाखेत होतो. साहित्याच्या ओढीने मी तिकडे गेलो, असे मी आजवर सांगत आलो आहे. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे त्या हशात आहे. तो प्रश्न मात्र माझ्यासोबत राहिला. भाषेचा अभ्यासक झाल्यावर त्याचे उत्तर मला तुकड्यातुकड्यांनी सापडत गेले, पण ते ऐकवावे असे समोर कोणी नव्हते. त्या रात्री भाचीने वही मिटली आणि मी म्हटले, "उद्यापासून आपण दोघं बसू. तू मला रसायन शिकव, मी तुला शब्द सांगतो."

सुरुवात आम्ही 'सेंद्रिय' या शब्दापासूनच केली. स अधिक इंद्रिय. इंद्रियांसहित असलेले ते सेंद्रिय. 'ऑर्गॅनिक' या शब्दाच्या मुळाशी असलेला ग्रीक 'ऑर्गॅनॉन' म्हणजे साधन, अवयव. कोणा मराठी परिभाषाकाराने हा शब्द घडवताना मूळ कल्पना नेमकी पकडली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी रसायनशास्त्राची ही शाखा वेगळी काढली, तेव्हा समजूत अशी होती की वनस्पती आणि प्राणी यांच्या शरीरात आढळणारे पदार्थ फक्त सजीवांतच तयार होऊ शकतात. त्यासाठी एक जीवनशक्ती लागते. ती काचेच्या भांड्यात आणता येत नाही. १८२८ मध्ये बर्झेलियस यांचेच शिष्य फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेट या निर्जीव मानल्या गेलेल्या क्षारापासून युरिया तयार केला. हा तोच युरिया, जो आपल्या मूत्रात असतो. मूत्रपिंडाची मदत न घेता, माणूस किंवा कुत्रा यांच्यावाचून आपण युरिया बनवू शकतो, असे त्यांनी गुरूंना पत्राने कळवले. एका प्रयोगाने जीवनशक्तीची कल्पना संपली नाही, पण तिला तडा गेला. नाव मात्र राहिले. कादंबरी हे बाणभट्टाच्या नायिकेचे नाव. आज मराठीत एका वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून ते वावरते आणि वाचणाऱ्याला नायिका आठवत नाही. 'सेंद्रिय' या शब्दाचे तसेच झाले. बाजारात सेंद्रिय गूळ म्हणजे रासायनिक खतावाचून पिकवलेल्या उसाचा गूळ. रसायनशास्त्रात मात्र पिकावर फवारायची कितीतरी कीटकनाशकेसुद्धा सेंद्रियच, कारण ती कार्बनची संयुगे आहेत.

त्या प्रयोगात आणखी एक गोष्ट होती, ती भाचीने मला समजावली. अमोनियम सायनेट आणि युरिया या दोहोंत अणू तेच आणि तितकेच. फक्त त्यांची मांडणी वेगळी. याला समघटकता म्हणतात. मी म्हटले, "म्हणजे वन आणि नव." ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "लता आणि ताल!" मग पुस्तकातले उदाहरण तिनेच काढून दाखवले: दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. एका क्रमाने जोडले तर इथेनॉल, म्हणजे दारूतील द्रव. दुसऱ्या क्रमाने जोडले तर डायमिथाइल ईथर, नेहमीच्या तापमानाला वायू. त्या रात्री प्रथमच तिच्या वहीत तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला दिसला नाही.

नामकरणाची गरज याच ठिकाणी उभी राहते. कार्बनच्या अणूला चार हात. ते हात तो इतर मूलद्रव्यांना देतो, तसेच दुसऱ्या कार्बनलाही देतो. एकेरी, दुहेरी, तिहेरी. साखळ्या होतात, फांद्या फुटतात, वलये जुळतात. अशी कोट्यवधी संयुगे. अणूंची नुसती संख्या सांगून त्यांपैकी एकाचीही ओळख पटत नाही. १८९२ मध्ये जिनिव्हात जमलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी नाव ठेवण्याचे नियम घातले. १९१९ मध्ये स्थापन झालेली आययूपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था ते काम आजही करते. तत्त्व थोडक्यात असे: नाव ऐकताच संयुगाची आकृती काढता आली पाहिजे आणि आकृती पाहून नाव सांगता आले पाहिजे.

हे तत्त्व ऐकल्यावर मला माझा वर्ग आठवला. नावाचे तीन भाग: आधी उपसर्ग, मध्ये जनक, शेवटी प्रत्यय. जनक म्हणजे कार्बनची मुख्य साखळी. तिच्यावर कुठे काय लटकले आहे ते उपसर्ग सांगतो. संयुग कोणत्या कुळातले ते प्रत्यय सांगतो. तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते, तसेच इथे. 'ऑल' शेवटी आले की ते अल्कोहोल, मग आधी काहीही असो. कार्बन-कार्बन बंध एकेरी असेल तर 'एन', दुहेरी असेल तर 'ईन', तिहेरी असेल तर 'आईन': इथेन, इथीन, इथाईन. केवळ स्वर बदलून अर्थ बदलण्याची ही युक्ती १८६६ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांनी सुचवली होती. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे यांतला भेद ज्याच्या कानाला कळतो त्याला ती परकी वाटू नये.

माझ्या विद्वत्तेचा फुगा दुसऱ्याच दिवशी फुटला. तिने एक आकृती काढली. आडव्या ओळीत पाच कार्बन, दुसऱ्या कार्बनवरून खाली लोंबणारे दोन. मी ऐटीत म्हणालो, "२-इथाइलपेंटेन." ती हसली. "मामा, साखळी सरळ काढलेली असते असं कुणी सांगितलं? खालून वर जा आणि मग उजवीकडे वळा. सहा होतात. हे ३-मिथाइलहेक्झेन." आधी सर्वांत लांब साखळी शोधायची, ती वाकडी असली तरी, मग ज्या टोकाने मोजल्यास फांदीला लहान अंक मिळेल त्या टोकाने मोजायचे. मी वरमलो. श्लोकाचा अन्वय लावताना चरणातला पहिला शब्द कर्ता धरू नका, आधी क्रियापद शोधा, असे मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना बजावत आलो आहे. इथे मी स्वतः डोळ्यांना दिसलेल्या ओळीला फसलो होतो.

आता माझी पाळी होती. पाचपासून पुढची नावे तिला सांगितली: पेंट, हेक्झ, हेप्ट, ऑक्ट, नॉन, डेक. "यांच्यापुढे पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश लिही." तिने लिहिले आणि ती दोन्ही रकान्यांकडे बघत राहिली. सप्तमधला आरंभीचा स ग्रीकमध्ये ह होतो, एवढे एक कळले की सप्त आणि हेप्ट शेजारी बसतात. नॉन तेवढा लॅटिनमधून आलेला, बाकीचे ग्रीक. पण कुळ एकच.

मग राहिली पहिली चार. ती संख्यांवरून नाहीत. नियम होण्याआधीपासून रूढ असलेली नावे नियमांनी तशीच ठेवली. इंग्रजी महिन्यांतही सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत सात, आठ, नऊ, दहा ऐकू येतात. आधीची नावे बहुतेक देवांची आणि सम्राटांची. या चार नावांपाशीच मी अडलो होतो. सरांनी न दिलेले उत्तर असे आहे.

मिथ हा तुकडा ग्रीक 'मेथी' या शब्दातला, अर्थ मद्य. लाकडाच्या ऊर्ध्वपातनातून मिळणाऱ्या द्रवाला १८३० च्या दशकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ द्यूमा आणि पेलिगो यांनी मद्य आणि लाकूड या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून नाव दिले. त्यातून मिथाइल, मग मिथेन. हा 'मेथी' म्हणजे आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ. इथ आला ईथरवरून. त्याच्या मागे जळणे, झळकणे या अर्थाचा ग्रीक धातू. संस्कृतातला इन्ध् हा धातू त्याच मुळाचा, त्यापासून आपले इंधन. प्रोप म्हणजे प्रोपिऑनिक आम्लाचा अवशेष: 'प्रोतॉस' आणि 'पिऑन', पहिला मेदयुक्त. पिऑनचा संस्कृत जोडीदार पीवन्, पुष्ट. आणि ब्युट? बटर. ग्रीक 'बूत्युरॉन', गाईच्या दुधाचा गोळा. त्यातला 'बूस' म्हणजे गो. मधु, इंधन, पुष्टी आणि गाय. अकरावीतल्या मुलाला घाबरवणाऱ्या त्या चार नावांत एक जुने घर नांदत होते.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, कारण आपल्याकडे पुढचे वाक्य फार लवकर येते: म्हणजे सगळे आपल्याकडूनच गेले! तसे नाही. मधुपासून 'मेथी' निघाला नाही. दोघेही एका अधिक जुन्या भाषेची लेकरे. खरोखर इथून गेलेले शब्द वेगळे आहेत आणि तेही याच शास्त्रात आहेत. अनिलिन हे रंगरसायन निळीपासून मिळवले गेले आणि त्याच्या नावात संस्कृत 'नील' अरबी-पोर्तुगीज वाटेने जाऊन बसला आहे. सुक्रोज आणि सॅकरिन यांत शर्करा आहे. उसना शब्द आणि भावंड असलेला शब्द यांतला फरक भाषेच्या विद्यार्थ्याने सोडता कामा नये. भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिने व्यवहारी शंका काढली, "मामा, परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत." खरेच होते. पण सहाव्या दिवसापासून तिला नावे पाठ करावी लागत नव्हती.

नियमांपूर्वीची नावे वाचण्यात आमचे दोन दिवस गेले. फॉर्मिक आम्लात लॅटिन मुंगी आहे, कारण ते प्रथम मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळाले. मी गमतीने वहीत 'पिपीलिकाम्ल' लिहिले. ॲसेटिकमध्ये शिरका. लॅक्टिकमध्ये दूध, शेले यांनी १७८० मध्ये ते आंबलेल्या दुधातून वेगळे केले. ब्युटिरिकला खवट लोण्याचा वास, कॅप्रोइकला बोकडाचा, आणि नावातही बोकडच. ही नावे हाताळणाऱ्यांनी ठेवलेली आहेत. ज्यांनी वास घेतला, चव पाहिली, ज्यांचा हात भाजला त्यांनी. त्यांच्या तुलनेत पद्धतशीर नाव म्हणजे पत्ता: अचूक, आणि निर्गंध. देवघरातल्या कापराचे शास्त्रीय नाव १,७,७-ट्रायमिथाइलबायसायक्लो[२.२.१]हेप्टेन-२-ओन. त्यावरून कोणत्याही देशातला रसायनशास्त्रज्ञ कापराची आकृती बरोबर काढील. पण त्या नावाला वास नाही. नियम करणाऱ्यांनाही हे कुठेतरी जाणवले असावे. आययूपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत फॉर्मिक आणि ॲसेटिक आम्लांची जुनी नावेच पसंतीची म्हणून ठेवली आहेत. मुंगी अजून तिथे आहे.

हे लिहिताना माझ्या मनात वडील आहेत, आणि त्यांच्याविषयी सांगितल्यावाचून हा लेख अपुरा राहील.

माझे वडील खाडीपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गोदामात मदतनीस होते. शिक्षण मराठी चौथी. गोदामातल्या पिंपांवरची नावे इंग्रजीत. ती त्यांना वाचता येत नसत. पिंपाचा रंग, जागा आणि वास यांवर त्यांचे काम चाले. मी कला शाखेत गेलो त्या वर्षी त्यांच्या पाळीतल्या एका माणसाने पिंपातले 'स्पिरिट' बाटलीत भरून घरी नेले आणि प्यायले. तो वाचला, पण त्याची दृष्टी गेली. दुसऱ्या दिवशी वडिलांनी त्या पिंपावर खडूने एक मिटलेला डोळा काढला. खडू पुसला जाई. ते पुन्हा काढत.

एका रविवारी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "दोन पिंपांच्या नावात एकाच अक्षराचा फरक आहे म्हणतात. तेवढं अक्षर मला दाखव." मी कागदावर दोन्ही नावे रोमन लिपीत लिहिली. एका नावाच्या आरंभी एम हे अक्षर. ते झाकले की उरते ते दुसरे नाव, जसेच्या तसे. मिथाइल अल्कोहोल, इथाइल अल्कोहोल. मिथेनॉल, इथेनॉल. वडिलांनी बोटाने एमच्या दोन शिखरांवरून रेघ फिरवली आणि म्हणाले, "म. मरणाचा म." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते तेवढे एक इंग्रजी अक्षर वाचत होते.

त्या दिवशी मला या नावांबद्दल त्याहून अधिक काही माहीत नव्हते. आज माहीत आहे आणि ते सोपे नाही. मिथेनॉल स्वतः फार घातक नसते. यकृतातील विकरे त्याचे आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतात. तेच मुंगीचे आम्ल. ते साचते आणि डोळ्याच्या मज्जातंतूवर घाव घालते. रुग्णालयात अशा रोग्याला उपचार म्हणून इथेनॉल देता येते, कारण तेच विकर मिथेनॉल सोडून आधी त्याच्याकडे वळते आणि तेवढ्या अवधीत शरीरातले विष बाहेर काढता येते. एका अक्षराने दूर असलेला भाऊच उतारा होतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, तेव्हा त्या दारूतले विष हेच होते. मरणाऱ्यांपुढे पिंप नव्हते, चिठ्ठी नव्हती, एकही अक्षर नव्हते.

आणि शब्द काय सांगतात? 'म' मधूचा. मारणाऱ्या द्रवाच्या नावात मधु आहे, आणि माणसे जे पितात त्याच्या नावात इंधन. इथेनॉलने आपले नाव अलीकडे खरे केले आहे. उसाच्या मळीतून निघालेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते आणि २०२५ मध्ये आपल्या देशात त्याचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. मधु मात्र आपल्या नावाला जागला नाही. राहिला शेवटचा प्रत्यय, 'ऑल'. तो अल्कोहोल या शब्दाचा तुकडा, आणि अल्कोहोल हा मूळचा अरबी 'अल्-कुह्ल': डोळ्यात घालायचे बारीक अंजन. बारीक चूर्णाचे नाव पुढे अर्काला मिळाले आणि अर्काचे मद्याला. म्हणजे ज्या पिंपावर वडील मिटलेला डोळा काढत होते, त्या पिंपावरच्या नावात आधीपासूनच डोळा होता. तो त्यांना वाचता येत नव्हता. मला वाचता येत होते, पण दिसत नव्हता.

व्युत्पत्ती कोणाचे प्राण वाचवत नाही, हे मला कळते. मधु हा अर्थ ठाऊक असलेला माणूस त्या पिंपापाशी अधिकच फसला असता. नाव रचना सांगते, स्वभाव सांगत नाही. स्वभाव सांगायला खडूचा डोळा लागतो. पण केवळ खडूवर गोदाम चालत नाही. वडिलांच्या जागी दुसरा माणूस आला की डोळ्याचा अर्थ त्याला कोण सांगणार? म्हणून जिनिव्हाचे नियम लागतात आणि त्यांच्या शेजारी मुंगीही लागते. माझ्या सरांनी तो एक तास व्याकरणाचा होऊ दिला असता तर मी रसायनशास्त्रज्ञ झालो असतो, असा माझा मुळीच दावा नाही. मात्र त्या रविवारी वडिलांना अक्षराबरोबर थोडे अधिक देता आले असते.

सुट्टी संपली. निघताना भाचीने वही दाखवली. त्या धड्याच्या पहिल्या पानावर तिने मिथेनॉलची आकृती काढली होती. एक कार्बन, त्याचे चार हात, एका हाताला ऑक्सिजन. खाली दोन ओळी: म मधूचा, म मरणाचा. बाजूला एक मिटलेला डोळा.

"हे आजोबांचं," ती म्हणाली. आजोबा गेले तेव्हा ती चार वर्षांची होती.